आमचं भांडण आमच्यापाशी राहू द्या : चित्रपट प्रमाणन मंडळाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, मुंबई

सप्रेम नमस्कार.

गेली चौदा वर्षं मी एका लहानशा फिल्म सोसायटीत चित्रपट संपल्यानंतरच्या चर्चा घेते. काम साधंच आहे. दिवे लागले की माईक हातात घ्यायचा, पहिलं वाक्य बोलायला कुणी धजत नसेल तर एखादा प्रश्न टाकायचा, आणि मग गप्प बसून ऐकायचं. एरवी निम्मे लोक चहा घेऊन घरी जातात. पण पडद्यावरची बाई स्वतःच्या शरीराविषयी, स्वतःच्या इच्छेविषयी काही ठरवत असेल, तर त्या रात्री खुर्च्या रिकाम्या होत नाहीत. सभागृहाचा रखवालदार किल्ल्या वाजवत दारात उभा राहीपर्यंत लोक भांडतात. त्या भांडणाबद्दल तुम्हाला लिहायचं आहे, कारण ते होण्याआधीच ते मिटवायची घाई तुमच्या मंडळानं अनेकदा केली आहे, असं मला वाटतं.

एका संध्याकाळचं सांगते. आम्ही 'लिपस्टिक अंडर माय बुरखा' दाखवला होता, प्रदर्शित होऊन दोनेक वर्षं झाल्यावर. सगळे सभासद प्रौढ, साठेक जण असतील. भोपाळच्या एका जुन्या वाड्यात राहणाऱ्या चार बायकांची, उषा, शिरीन, लीला आणि रेहाना यांची ही गोष्ट. त्यातली उषा पंचावन्न वर्षांची विधवा, सगळा मोहल्ला तिला 'बुआजी' म्हणतो. ती चोरून शृंगारिक कादंबऱ्या वाचते, पोहायला शिकते, आणि 'रोझी' हे नाव घेऊन रात्री तरुण प्रशिक्षकाशी फोनवर बोलते. या फोनच्या प्रसंगांना सभागृहात हशा पिकला. मी कडेला उभी होते, त्यामुळे मला चेहरे दिसत होते. आधी आपुलकीचं हसू होतं. मग त्यात थोडी टर उडवणं आलं. तिसऱ्या फोनला काही जण पुढचं वाक्य येण्याआधीच हसायला लागले. आणि शेवटी घरच्यांनी तिची पुस्तकं, पोहण्याचे कपडे सगळ्यांसमोर बाहेर काढले तेव्हा ते हसू तुटलं. मागच्या रांगेत कुणीतरी घसा खाकरला, तेवढाच आवाज.

चर्चेत पहिल्यांदा बोलली ती जेमतेम चोविशीतली एक मुलगी. मला वाटलं, ही चित्रपटाची बाजू घेईल. ती चिडलेली होती. "चौघींचं स्वातंत्र्य म्हणजे चोरून ओढलेली सिगरेट, चोरलेली लिपस्टिक आणि एखादा पुरुष, एवढंच का? पगार, घर, शिक्षण यांचं काय?" तिच्यामागे बसलेल्या एका मुस्लिम सभासद बाईंचा आक्षेप वेगळाच होता. त्यांना नावच खटकलं होतं. बुरखा म्हटलं की जोखड, हे समीकरण मांडायला फार सोपं आहे, असं त्या म्हणाल्या. पण लगेच स्वतःलाच थांबवून पुढे म्हणाल्या, "तरी ती रेहाना बुरख्याखालीच जीन्स घालते, बुरख्याखालीच चोरलेलं सामान आणते. म्हणजे तो तिच्या अंगावरचा पहाराही आहे आणि तिची लपायची जागाही. हे मात्र बरोबर पकडलंय." एकाच माणसाच्या तोंडून दोन मतं, दोन मिनिटांच्या आत. मला ते फार मोलाचं वाटलं.

मग बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू उठल्या. सहसा त्या बोलत नाहीत. "मी हसले," त्या म्हणाल्या. "सगळे हसले म्हणून नाही, मला खरंच हसू आलं. म्हातारी बाई असं बोलते म्हणून. आणि मी तिच्याहून दहा वर्षांनी मोठी आहे." एवढं बोलून त्या खाली बसल्या. पुढे काही म्हणाल्या नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

एक गृहस्थ म्हणाले, हा चित्रपट कुटुंबासोबत बघण्यासारखा नाही. दुसरे म्हणाले, कुटुंबासोबत बघा असं कुणी सांगितलंय, फक्त प्रौढांसाठीचं 'ए' प्रमाणपत्र कशासाठी असतं? आणखी एकजण शिरीनच्या प्रसंगात उठून बाहेर गेले होते, तो नवऱ्याच्या बळजबरीचा प्रसंग. ते चर्चेला परत आले, शेवटपर्यंत बसले, पण माईक पुढे केला तर त्यांनी मान हलवली. त्यांच्या पत्नी मात्र भरपूर बोलल्या. त्यांना चित्रपट अजिबात आवडला नव्हता, आणि शिरीनचं पात्र मात्र पूर्ण पटलं होतं.

माझं मत विचाराल तर मला शेवट घाईचा वाटला. चौघींचीही बिंगं एकाच रात्री फुटतात, जणू कुणी तारीख ठरवून दिली होती. धीट विषय घेतला म्हणजे चित्रपट चांगला होतो, असं मी मानत नाही. 'स्त्रीमुक्ती'चा मुलामा देऊन तेच जुनं अंगप्रदर्शन विकणारे चित्रपट मी पाहिले आहेत, आणि आमच्या चर्चेत त्यांची सालं काढलेलीही ऐकली आहेत. सालं काढायला सभागृहात माणसं होती, हे मला सांगायचं आहे.

आता तुमच्याकडे येते. हाच चित्रपट 2017 च्या सुरुवातीला तुमच्या मंडळानं नाकारला होता. तोपर्यंत तो टोकियोच्या आणि मुंबईच्या महोत्सवांत पुरस्कार मिळवून आला होता. नाकारल्याचं जे पत्र निर्मात्यांना गेलं ते पुढे सर्वांनी वाचलं. त्यातलं पहिलंच कारण असं होतं : 'द स्टोरी इज लेडी ओरिएंटेड, देअर फँटसी अबव्ह लाइफ.' कथा बायकांभोवती फिरते आणि त्यांची स्वप्नं आयुष्याच्या वर जातात. पुढे सतत येणारी लैंगिक दृश्यं, शिव्या, 'ऑडिओ पॉर्नोग्राफी' आणि समाजातल्या एका विशिष्ट घटकाविषयीचा नाजूक स्पर्श, अशी यादी होती. निर्माते अपील न्यायाधिकरणात गेले. न्यायाधिकरणानं काही काटछाट करून 'ए' प्रमाणपत्र द्यायला सांगितलं, आणि 21 जुलै 2017 रोजी चित्रपट लागला.

त्या पत्रावर तेव्हा देशभर टीका झाली. ती मला उगाळायची नाही. मंडळावरची माणसं बदलली, पत्र लिहिणारे आज तिथे नसतील. पण त्यातला एक शब्दप्रयोग अजूनही माझ्या मनातून जात नाही : 'सतत येणारी लैंगिक दृश्यं.' या चित्रपटात लीला आपल्या प्रियकराजवळ जाते ते दृश्य आहे, आणि शिरीनचा नवरा तिची इच्छा न विचारता तिच्यावर स्वतःला लादतो तेही आहे. एकात बाईची इच्छा आहे, दुसऱ्यात तिची इच्छा पायाखाली तुडवली जाते. तुमच्या पत्रात दोन्हींची मोजणी एकाच खात्यात झाली.

तुमच्या 1991 च्या मार्गदर्शक तत्त्वांत हा फरक करायला जागा आहे. स्त्रीची मानहानी करणारी दृश्यं नसावीत, हे एक कलम. स्त्रीवरच्या लैंगिक हिंसेची दृश्यं टाळावीत आणि कथेला अपरिहार्य असतील तर कमीत कमी ठेवावीत, हे दुसरं. अश्लीलतेचं कलम वेगळं. आणि या सगळ्याबरोबर हेही लिहिलं आहे की चित्रपट तुकड्यातुकड्यानं न बघता त्याच्या एकूण परिणामावरून तोलावा. शिरीनचं दृश्य या कसोटीवर ठेवलं तर पहिला प्रश्न हा पडायला हवा की कॅमेरा तिची विटंबना करतो आहे की तिची विटंबना आपल्याला दाखवतो आहे. सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्ये 'बँडिट क्वीन'च्या निकालात नेमकी हीच वाट धरली होती. त्या चित्रपटातल्या अत्याचाराच्या प्रसंगातली नग्नता वासना चाळवत नाही, अत्याचाराविषयी घृणा निर्माण करते, असा त्या निकालाचा आशय होता.

पण पतीची बळजबरी ही आपल्याकडे अवघड जागा आहे, हे मी समजू शकते. पत्नी प्रौढ असेल तर पतीनं केलेला बलात्कार कायद्यात बलात्कार ठरत नाही. जुन्या दंडविधानात हा अपवाद होता, नव्या न्यायसंहितेतही तो आहे. म्हणजे जे कायद्याच्या पुस्तकात गुन्हा म्हणून नाही, ते गुन्हा म्हणून पडद्यावर दिसलं. प्रेक्षकांत दोन तट पडले ते मुख्यतः तिथेच. 'नवरा-बायकोतलं आहे, ते कशाला दाखवायचं' असं म्हणणारे एका बाजूला, आणि 'हे कुणीतरी एकदा दाखवायलाच हवं होतं' असं म्हणणाऱ्या दुसऱ्या बाजूला. ही चर्चा न्यायालयात चालू आहे, घराघरांत चालू आहे. ती चित्रपटगृहात झाली तर कुणाचं काय बिघडतं?

या भांडणांत एक गोष्ट मला वर्षानुवर्षं दिसते आहे. चर्चा चित्रपटाची म्हणून सुरू होते आणि दहाव्या मिनिटाला त्या बाईची होते. 'हे पटलं का' याचा अर्थ 'ती बाई पटली का' असा होतो. तिनं असं वागायला हवं होतं का, मुलांचा विचार केला का, नवरा एवढा वाईट होता का? नायक दारू पितो, बाहेरख्याली असतो, आणि आम्ही त्याच्या अभिनयाबद्दल बोलतो. नायिकेला मात्र आधी चारित्र्याचा दाखला आणावा लागतो. मग तिच्या चित्रपटाबद्दल बोलणं होतं. बायकाही हेच करतात, मीही केलं आहे. ही सवय मोडायची तर ती आधी उघडी पडायला हवी, आणि ती उघडी पडते ती अशाच चित्रपटांनंतर. काकू 'मी हसले' म्हणाल्या तेव्हा पडली तशी.

हे सगळं आपल्याकडे काल सुरू झालेलं नाही. रघुनाथ धोंडो कर्वे 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढत होते. संततिनियमन आणि स्त्रीचं कामसुख यांविषयी ते इतकं सरळ लिहीत की त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना दिलेली उत्तरं हा त्या खटल्याचा विषय होता. लोक विचारत होते, आणि उत्तर देणाऱ्याला आरोपी केलं गेलं. खटला हरले, पण कर्वे थांबले नाहीत, 1953 मध्ये जाईपर्यंत अंक काढत राहिले.

1972 मध्ये 'सखाराम बाइंडर' रंगभूमीवर आलं तेव्हाही परीक्षण करणारं मंडळ आडवं आलं, दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. 1998 च्या डिसेंबरात, दोन बायकांच्या प्रेमाची गोष्ट सांगणाऱ्या 'फायर'चे खेळ मुंबईत बंद पाडले गेले. तुमच्याच मंडळानं तो चित्रपट आधी संमत केला होता, आणि तरी तो पुन्हा तुमच्याकडे पाठवला गेला. 1999 मध्ये तुम्ही तो पुन्हा संमत केलात. त्याबद्दल आजही आभार मानावेसे वाटतात. ते खेळ बंद पाडणाऱ्यांत बायकाही होत्या, हे इथे मुद्दाम नोंदवते. बाईच्या इच्छेविरुद्ध फक्त पुरुष उभे राहतात, असं मला दाखवायचं नाही. त्या बायकांनाही बोलायचा हक्क होता. तोडफोडीचा नव्हता.

आणि आपला मराठी 'न्यूड'. मुलाच्या शिक्षणासाठी चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसमोर विवस्त्र बसणारी यमुना. 2017 मध्ये गोव्याच्या महोत्सवातल्या इंडियन पॅनोरमा या भारतीय चित्रपटांच्या विभागासाठी परीक्षकांनी तो निवडला होता. केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं तो यादीतून काढला, परीक्षक मंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. पुढे तुमच्याकडे तो आला तेव्हा त्याला एकही कट न सुचवता 'ए' प्रमाणपत्र मिळालं, आणि 2018 च्या एप्रिलमध्ये तो लागला. मी तो एका दुपारच्या खेळाला पाहिला. पुढच्या रांगेत दोन मैत्रिणी होत्या. मध्यंतरात त्यांचं जुंपलं होतं. एक म्हणत होती, मुलाला खरं सांगायला हवं होतं. दुसरी म्हणत होती, सांगून काय, त्यानं ऐकलं असतं? विवस्त्र असण्याबद्दल दोघींपैकी कुणी एक अक्षर काढलं नाही. ज्या गोष्टीसाठी एवढं रान उठलं होतं ती त्यांच्यासाठी पहिल्या अर्ध्या तासात मागे पडली होती.

आता काळजीचं कारण. तेव्हा निर्मात्याला तुमच्या नकारावर दाद मागायला अपील न्यायाधिकरण होतं. 2021 च्या एप्रिलमध्ये ते अध्यादेशानं रद्द झालं. आता दाद मागायची तर उच्च न्यायालय. मोठ्या निर्मात्याला ते परवडेल. कर्ज काढून पहिला चित्रपट करणाऱ्या मुलीला परवडणार नाही, कारण प्रदर्शनाची तारीख हुकली की चित्रपटगृहं हातची जातात. म्हणून ती काय करते? तुमच्या टेबलावर येण्याआधीच कापते. संकलनाच्या खोलीत कापते, त्याही आधी कागदावरच कापते. माझ्या ओळखीच्या एका तरुण लेखिकेनं पटकथेतला एक प्रसंग असाच काढून टाकला. लग्नाला वीस वर्षं झालेली बाई नवऱ्याला शांतपणे सांगते की मला आजवर यात कधी सुख मिळालं नाही. त्या प्रसंगात अंगावरचा पदरही ढळत नाही, स्वयंपाकघरात ओट्यापाशी घडतो तो. "कशाला उगाच अडकायचं," ती म्हणाली. हा कट तुमच्या कुठल्याही नोंदीत नाही. तुम्ही तो सुचवलाही नाहीत. तरी तो तुमच्या धाकानंच झाला.

मुलांच्या वयाचा विचार करू नका, असं मी मुळीच म्हणत नाही. 2023 च्या दुरुस्तीनं 'यूए'मध्ये, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या चित्रपटांच्या गटात, 7, 13 आणि 16 अशा वयाच्या पायऱ्या आल्या, ते चांगलं झालं. माझ्या भाचीला काय दाखवायचं ते ठरवायला मला त्याचा उपयोग होतो. लहान मुलांना अशा दृश्यांत वापरणाऱ्या चित्रपटाला तुम्ही अडवलंत तर मी तुमच्या बाजूनं उभी राहीन. सरकारनं नेमलेल्या श्याम बेनेगल समितीनं 2016 मध्येच सांगितलं होतं की मंडळानं चित्रपट कुठल्या वयाला योग्य हे सांगावं, काही अपवाद सोडता त्याच्या पुढे जाऊ नये. एवढंच आम्हाला हवं आहे. अठराच्या पुढच्या माणसाला या देशात मत देता येतं. मग एका चित्रपटाबद्दलचं मतही त्याचं त्याला बनवू द्या.

2024 च्या नियमांनी मंडळावर किमान एकतृतीयांश आणि शक्यतो निम्म्या स्त्रिया असाव्यात असं म्हटलं आहे. याचं मनापासून स्वागत. पण त्यातल्या सदस्य भगिनींना माझी एक विनंती आहे. 'बायकांना हे आवडणार नाही' असं कुणी बैठकीत म्हणालं तर विचारा, कुठल्या बायकांना? आमच्या साठ जणांच्या सभागृहातल्या बायकांचंही एकमत झालं नव्हतं. चोविशीतल्या मुलीला चित्रपट उथळ वाटला, काकूंना तो जिव्हारी लागला, एकीला नाव खटकलं, एकीला चित्रपट नावडून पात्र पटलं. यांच्यातल्या कुणा एकीच्या नावानं तुम्ही कात्री लावाल तर उरलेल्या तिघींवर अन्याय कराल. तुम्हाला स्वतःला एखादा चित्रपट आवडला नाही तर जरूर लिहा, बोला, टीका करा. आमच्याकडे या, माईक देऊ. फक्त ते मत प्रमाणपत्राच्या कागदावर नको.

आणि कारणं लिहाल तेव्हा जपून लिहा, पूर्ण लिहा. दृश्यात संमती आहे की बळजबरी, ते कुणाच्या नजरेतून दिसतं, कथेत ते कशासाठी आलं, यांतलं काही तरी त्या कागदावर असू द्या. 'लैंगिक दृश्य, अमुक सेकंद कमी करावं' या एका ओळीतून आम्हाला काही कळत नाही. दिग्दर्शकालाही कळत नसणार.

त्या रात्री सभागृहाला कुलूप लागत असताना काकू माझ्याजवळ थांबल्या. त्यांचा रिक्षावाला येऊन उभा होता. "त्या फोनच्या सीनमध्ये काही कापलंय का गं?" त्यांनी विचारलं. म्हटलं, चित्रपटात काटछाट झाली होती, पण नेमकी त्या सीनमध्ये झाली का, ते मला बघावं लागेल. "कापलं असेल तर का कापलं?" त्या म्हणाल्या. "माझ्या वयाच्या बाईनं ऐकू नये असं काय होतं त्यात?"

त्यांना मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्ही कळवलंत तर त्यांच्यापर्यंत पोचवीन.

आपली,
एक प्रेक्षक